परळगावचे काय झाले?



माहूरच्या व्यासपीठावर परळवर बोलायचे, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी परळ ज्यांच्या घरात कधी ना कधी पोहोचले नाही, अशी माणसे थोडी असावीत. आपल्याकडे एखाद्याला मोठा आजार निघाला की जिल्ह्याचे डॉक्टर कागद पाहतात आणि म्हणतात, "टाटाला न्या." टाटा म्हणजे परळ. रेणुकेला नवस बोलून, डोंगर उतरून, कापसाच्या पट्टीतले उरलेसुरले पैसे कमरेला बांधून माणसे परळला जातात. तिथे रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून नातेवाईक पडून राहतात.

मीही असाच गेलो होतो. कामगार संघटनेतल्या एका सोबत्याच्या तपासण्या चालू होत्या. दिवसभर मला काम नव्हते. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि विचारीत फिरण्याच्या सवयीतून. तेव्हा मी विचारीत फिरलो. एका फळीवर पत्ता लिहिलेला दिसला, 'परळ व्हिलेज'. मी दुकानदाराला विचारले, "इथे गाव कुठे आहे?" तो हसला. म्हणाला, "काका, हेच गाव. आम्ही परळगावच म्हणतो." वर पाहिले तर चाळीस-पन्नास मजल्यांची इमारत उभी होती.

ते गाव कुठे गेले, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडे जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. काळीवर पोट चालते, पांढरीवर चूल पेटते. दोन्ही मिळून गाव. ही दोन शब्दांची फूटपट्टी घेऊन परळकडे पाहिले म्हणजे त्याची गोष्ट नीट उलगडते, असा माझा अनुभव आहे.

मुंबई हे मूळचे एक शहर नव्हे, सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. बेटांच्या मधल्या खाजणांतून भरतीचे पाणी फिरे. परळच्या नावाविषयी दोन मते आहेत. एक मत असे की, पाडळीच्या झाडांवरून ते पडले. दुसरे मत ऐकून तुम्हांला बरे वाटेल. तिथे परळी वैजनाथ महादेवाचे देऊळ होते, त्यावरून परळ. म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातला परळीचा वैजनाथ समुद्राकाठी जाऊन बसला होता असे म्हणावयाचे. कोणते मत खरे, हा वाद पंडितांनी सोडवावा. पण गाव जुने आहे याबद्दल वाद नाही. १९३१ साली तिथे रस्त्याचे काम चालू असता मजुरांच्या पहारीला एक प्रचंड शिळा लागली. तीवर शिवाची सात रूपे एकातून एक उगवावीत तशी कोरलेली आहेत. उंची साडेतीन मीटरच्या आसपास. काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक. आज ती परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि तिची पूजा होते. दीड हजार वर्षांपूर्वी असली शिळा घडवणारे कारागीर आणि घडवून घेणारे धनी ज्या भागात होते, तो भाग ओसाड खाजण नक्कीच नव्हता.

भोवतालच्या वस्त्यांची नावे ऐका. भोईवाडा, म्हणजे पालखी वाहणाऱ्या भोयांची वस्ती. नायगाव, म्हणजे न्यायगाव. बिंब राजाने तिथे न्यायसभा भरवली अशी दंतकथा आहे. शिवडी, कोळ्यांची. ही नावे शेतीच्या आणि मासेमारीच्या काळातली आहेत. भाताची खाचरे, तळी, ताडामाडाची झाडे आणि मिठागरे, ही परळची काळी. तिच्या कडेला झोपड्या आणि देवळे, ही पांढरी.

पोर्तुगीज आले. त्यांनी परळ जेझुइट पाद्र्यांच्या हाती दिले आणि तिथे मठ व प्रार्थनामंदिर उभे राहिले. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने कंपनीला देऊन टाकली. १७२० च्या सुमारास पाद्री शत्रूला मिळाले या सबबीवर कंपनीने त्यांची परळची इस्टेट जप्त केली. पुढे मठाचा बंगला झाला आणि १७७१ साली गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहावयास गेला. याच हॉर्नबीच्या कारकिर्दीत महालक्ष्मी ते वरळी बांध घातला गेला. भरतीचे पाणी अडले आणि आज ज्याला आपण लोअर परळ म्हणतो ती सखल जमीन हळूहळू कोरडी झाली. बेट संपले.

इथपर्यंत गाव टिकून होते. धनी बदलले, पण काळी पिकत होती. ती गेली कापसापायी.

कापूस हा आपल्या ओळखीचा गृहस्थ. पैनगंगेच्या अलीकडे आपण, पलीकडे यवतमाळ. दोन्ही बाजूंना पांढरे सोने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाच्या भावाने पैशाचा पाऊस पडला. त्या पैशातून पुढे गिरण्या उठल्या. १८६५ साली मुंबईत दहा गिरण्या होत्या. शतक संपता संपता त्या सत्तरांच्या पुढे गेल्या. वऱ्हाडचा कापूस मुंबईस न्यावा म्हणून यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी बांधली गेली. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी 'शकुंतला' म्हणून तिच्यातून प्रवासही केला असेल. आता ती बंद आहे. सांगायचा मुद्दा असा की, परळचे शेत ज्या कापसाने गिळले त्यातला काही कापूस आपल्याच शेतकऱ्यांच्या घामाचा होता.

गिरणीला सपाट, स्वस्त, रेल्वेजवळची आणि पाण्याजवळची जमीन लागते. परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी इथे ती होती. गिरणीला तळे लागते, ती तळीही होती. १८७९ साली जी. आय. पी. रेल्वेचा कारखाना परळला आला. भाताच्या खाचरांत धुराडी उगवली. गव्हर्नराचा बंगला मात्र तसाच होता. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच बंगल्यात पटकीने वारल्या. हे फर्ग्युसन म्हणजे ज्यांच्या नावाने पुण्याचे कॉलेज निघाले ते. त्यानंतर गव्हर्नर मलबार हिलच्या समुद्रवाऱ्यात जाऊन राहिले. परळची हवा बिघडली होती. गव्हर्नरला दुसरीकडे जाता आले. कामगाराला तिथेच यावे लागले.

कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरीकडून. मग सातारा, कोल्हापूरकडून. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. उत्तरेचे भय्ये आले. जॉबर माणसे आणी, जॉबरच काम देई आणि काढूनही टाकी. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की त्याच्याच वळकटीवर दिवसपाळीचा पडे. कोकणातल्या कित्येक गावांनी वर्गणी काढून परळ-लालबागला गावकीची खोली घेतली होती. गावचा पोरगा मुंबईत उतरला की प्रथम त्या खोलीत जाई. जेवणाची सोय खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा असे, आणि संप झाला तरी ती ताट बंद करीत नसे. तिचे पैसे संप मिटल्यावर. इतिहासाच्या पुस्तकांत या बाईंचे नाव नाही. पण मुंबईतला कोणताही मोठा संप तिच्या उधारीवाचून आठवडाभर टिकला नसता. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे नाव निदान लक्षात ठेवा.

या वस्तीला लोकांनी नाव दिले गिरणगाव. 'गिरणनगर' म्हटले नाही, गाव म्हटले. गिरणी ही त्यांची नवी काळी आणि चाळ ही नवी पांढरी.

या गावाने देशाला काय दिले? रविवारची सुट्टी दिली. आज कचेरीत बसणाऱ्या माणसाला ती देवाने दिली असे वाटते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. कामगार तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. मागणी साधी होती : आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास जेवणाला. ती मिळायला १८९० चा जून उजाडला. पुढे १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस. १९२८ साली सहा महिन्यांचा संप झाला आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन जन्मली.

पण गिरणगाव म्हणजे निव्वळ एकीची कहाणी, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. आम्ही युनियनवाले आमचे दोष झाकून बोलतो असा आमच्यावर आरोप आहे. तो निदान आज खरा होऊ देणार नाही. विणकाम खात्यात मजुरी जास्त. त्या खात्यात महार कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याने ओढलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावावयास तयार नव्हता. एकाच गेटावर एकच घोषणा देणारी माणसे, पण धोट्यापाशी आली की वेगळी. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला तेव्हा कुठे ही गोष्ट मागण्यांत आली. हेच बाबासाहेब १९१२ ते १९३४ परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली. तेव्हा परळमध्ये जातही गावाकडून आली होती आणि जातीविरुद्धची लढाईही तिथेच उभी राहिली, असे दोन्ही सांगितले पाहिजे.

गव्हर्नराच्या बंगल्याचे पुढे काय झाले, तेही सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. बंगल्यात प्लेगचे रुग्ण ठेवले गेले. डॉ. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय, १९४१ साली टाटा. महादेवाच्या जागी मठ, मठाच्या जागी बंगला, बंगल्यात प्रयोगशाळा आणि शेजारी रुग्णालये. परळमधली हीच एक जागा अशी आहे की जिचा उपयोग दर बदलाबरोबर अधिक लोकांना होत गेला. आपली माणसे आज तिथे जातात ती या वाटेने.

बाकी जमिनीचे मात्र तसे झाले नाही.

माझे मामा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटावर उभे राहायचे. कायम माणूस आला नाही तर आत, नाहीतर परत. दहा वर्षे त्यांची बदलीतच गेली. कायम करण्याचा अर्ज त्यांनी इतक्यांदा केला की त्याची भाषा मला पाठ झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्याला कायम करा ही मागणी होती, आणि आपली युनियन आपण निवडू असे म्हणणे होते. कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगाला एकच मान्य युनियन ठेवली होती आणि कामगारांचा तिच्यावर भरवसा उरला नव्हता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. मामा १९८३ साली परत आले. भोंगा ऐकण्याची सवय लागलेली. पहाटे दचकून उठून बसत. मी तेव्हा लहान होतो. "मामा, संप हरला का?" असे मी विचारले. ते म्हणाले, "ठाऊक नाही रे. कुणी सांगितलंच नाही."

संपाची चिकित्सा आजवर पुष्कळ झाली. नेतृत्वाने तडजोडीची वेळ चुकवली असे म्हणतात, ते मला अंशतः पटते. मालकांनी यंत्रे जुनी ठेवली, यंत्रमागाकडे माल वळवला, हेही खरे आहे. परंतु सगळ्यांत मोठी गोष्ट नंतर उघडी पडली. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरले की, गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. वाटणी न्याय्य होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली : वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जागेवर शेड उभी, ती हिशेबातून वगळली. एका शब्दाने शेकडो एकर गेले. खटला झाला. उच्च न्यायालयाने २००५ साली दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली.

श्रोतेहो, कायद्यातला शब्द वाचायला शिका, असे मी कामगारांना नेहमी सांगतो ते यासाठी. संपात लाठी दिसते, तिला तोंड देता येते. शब्द दिसत नाही.

गिरण्यांच्या जागी बाजारपेठा, कचेऱ्या आणि मनोरे आले. फिनिक्स गिरणीत आज खरेदी चालते. शोभेसाठी धुराडे ठेवले आहे. काही जाहिरातदार लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणू लागले. म्हणजे नावसुद्धा नको झाले. कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. पुढे काही घरे दिली ती पनवेलजवळच्या कोन गावात. परळच्या मातीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला कोनात घर! रस्ते, पूल मात्र गिरणीच्या काळाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्या पुलाने एके काळी गिरणीच्या पाळ्या वाहिल्या. कचेऱ्यांची गर्दी त्याला पेलवली नाही. पुढल्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

म्हणून मी म्हणतो, परळगाव दोनदा गेले. पहिल्यांदा भाताची काळी गेली, मग पांढरीवर चाळी आल्या. दुसऱ्यांदा गिरणीची काळी गेली, आणि आता चाळींची पांढरी जाते आहे. क्रम दोन्ही वेळा एकच : आधी काळी, मग पांढरी. आणि दोन्ही वेळा जमिनीला मोल चढले ते तिच्यावर राबणाऱ्यांमुळे. वाटणीच्या वेळी मात्र ते गेटाबाहेर होते.

कुणी म्हणेल, मग काय गिरण्या जुन्याच ठेवायच्या होत्या? शहरे वाढू नयेत? तसे माझे म्हणणे नाही. भाताच्या खाचरात जो अर्धपोटी होता तो गिरणीत रोखीने पैसा कमावू लागला, पोरे शिकली, रविवार मिळाला. गाव बदलणारच. प्रश्न बदलाचा नाही, बदलाच्या वेळी मोजणीला कोण हजर होते याचा आहे.

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगाही कधीच थांबला. आपल्या तालुक्याच्या गावांभोवती काळीत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडताना आपण रोज पाहतो. देवस्थानाच्या गावी तर जमिनीचा भाव भाविकांच्या संख्येने चढतो. हे वाईटच आहे असे नाही. पण त्या रेघांत पाणंद कुठे गेली, गायरान कुठे गेले, तळ्याची पाळ कुणाच्या सातबारावर चढली, हे विचारणारी दोन-चार माणसे प्रत्येक गावात असावीत. ग्रामसभेत ठराव वाचला जातो तेव्हा त्यातला 'मोकळी' हा शब्द कुठे बसला आहे, ते त्यांनी पाहावे. परळच्या कामगाराने हा धडा फार महागात घेतला. आपल्याला तो या मंडपात फुकट मिळतो आहे.

माझ्या सोबत्याचे उपचार झाले. तो बरा आहे, नांदेडला कामावर जातो. निघण्याच्या दिवशी मी त्या दुकानदाराचा निरोप घेतला. तो म्हणाला, "आमच्या चाळीचंही कागद झालंय, दोन वर्षांत पाडतील." मी विचारले, "तुम्ही कागद वाचलात का?" तो म्हणाला, "नाही, सगळ्यांनी सही केली म्हणून केली." मग आम्ही दोघे दुकानाच्या फळीवर बसलो आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. माझी गाडी त्या दिवशी चुकली.